मधल्या भागाचा आवाज

आमच्या ताईंचं तोंड वाकडं झालं ते एका मंगळवारी सकाळी, चहाच्या पहिल्या घोटाला. चहा ओठांत राहीना. उजव्या कोपऱ्यातून सरळ हनुवटीवर आणि तिथून गाऊनवर. ताईंना वाटलं कप फुटका आहे. त्यांनी दुसरा कप घेतला. तोही फुटका निघाला. मग त्या जिना उतरून खाली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे बघ जरा. काही वेगळं दिसतंय का?"

मी शिलाई मशीनवर बसले होते. मान वर केली आणि हातातली कात्री तशीच अधांतरी राहिली. अर्धा चेहरा माझ्या नणंदेचा होता. उरलेला अर्धा कुणीतरी खालून दोरी बांधून ओढल्यासारखा लोंबत होता.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. घर दोन मजली. वर त्या एकट्या, खाली आम्ही दोघं आणि माझं पडदे शिवायचं दुकान. ताईंनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "केलं की! काळ्या लाकडाशी." काळं लाकूड म्हणजे त्यांचं क्लॅरिनेट. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात त्या उभी हयात क्लॅरिनेट वाजवत आल्या. रंगमंचापुढच्या खड्ड्यात, अंधारात, एवढ्याशा दिव्याखाली. वरचे नट टाळ्या घेऊन जायचे. ताई खालून वाद्याच्या नळीतलं पाणी झटकत घरी यायच्या, आणि तरी खूश असायच्या.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. ताईंचंही झालं, पण पाऊणच. डोळा मिटायला लागला, शब्द स्पष्ट आले, चहा कपातून पोटापर्यंत विनातक्रार पोहोचू लागला. फक्त ओठांचा उजवा कोपरा काही ताब्यात येईना. पाणी सांडायचं थांबलं, वारा मात्र सांडतच राहिला. आणि फुंकून पोट भरणाऱ्या माणसाचा वाराच सांडायला लागला तर त्यानं करायचं काय?

पुढचे कित्येक महिने वरून एकच आवाज यायचा. आधी दोन-चार स्वर, गोल, स्वच्छ, आणि मग फुस्स. पुन्हा दोन-चार स्वर, पुन्हा फुस्स. ताईंनी ओठाला चिकटपट्टी लावून पाहिली. दंतवैद्याकडून दातांवर बसवायची पट्टी करून घेतली. एका हाताच्या बोटानं कोपरा दाबून धरला, पण मग वाद्याची छिद्रं झाकायला बोटं पुरेनात. आमचे हे जिन्याखाली उभे राहून ऐकायचे आणि काही न बोलता आत यायचे. त्यांच्यासारख्या बडबड्या माणसाचं ते गप्प राहणं मला त्या फुस्सपेक्षा जास्त टोचायचं.

मग एका दुपारी ताईंनी वाद्य सुटं केलं, पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर चढवली. नाट्यगृहात निरोपाचा कार्यक्रम झाला. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण बाई आली. चांगली वाजवणारी, कुठल्या तरी मोठ्या विद्यालयातून शिकून आलेली. ताईंनी तिचं नाव कधी घेतलं नाही. "ती नवी" म्हणायच्या. आम्हीही तिला नवीच म्हणू लागलो.

आता ताई खचणार, असं मला वाटलं होतं. मी त्यांना दुकानात कामाला बोलवायचाही विचार करत होते, तेवढाच विरंगुळा. पण निरोपानंतर आठवडाभरातच त्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "मला कॉम्प्युटर हवाय. मला एक चौकडी लिहायची आहे."

"चौकडी? कुणाची, चोरांची?" ह्यांनी विचारलं.

"चार वाद्यांची, गाढवा. इतकी वर्षं दुसऱ्यांचं वाजवलं. आता माझं ऐकायचंय."

त्यांच्या जुन्या मित्रांची खरंच एक चौकडी होती. वाद्यवृंदातलेच चौघं सुट्टीच्या दिवशी जमून वाजवायचे: फ्लूट, सनईच्या जातीचा ओबो, क्लॅरिनेट आणि बासून. बासून म्हणजे ते लांबच लांब लाकडी वाद्य, बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वर जाणारं. ते वाजवणाऱ्या ताईंच्या मित्राला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याचा आवाज वाद्याशिवायही तसाच होता. ओबोवाला सदा ओबोची फुंकायची पत्ती तोंडात धरून ओली करत बसलेला असायचा, म्हणून तो पत्तीवाला. फ्लूटवाली बाई इतकी अबोल की तिला टोपणनावसुद्धा पडलं नव्हतं. क्लॅरिनेट अर्थात ताई. आता त्या जागी तिथेही नवी आली होती.

कॉम्प्युटर आला. ह्यांनी त्यावर सुरावट लिहिण्याचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. पडद्यावर पाच-पाच रेघांच्या ओळी, एकेका वाद्याला एकेक. तिथे स्वर टाकायचे आणि बटण दाबलं की यंत्र ते वाजवून दाखवायचं. ओबोच्या ओळीत ओबोचा आवाज, बासूनच्या ओळीत बासूनचा. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग खाली बसून इतकंच म्हणाल्या, "हे आता माझ्याऐवजी फुंकणार. मग नीट फुंकायला पाहिजे."

रचनेचे तीन भाग होते. पहिला भाग चालीचा, रस्त्यावरून माणसं लगबगीनं जातात तसा. तिसरा नाचरा. आणि मधला संथ, खोल, काळोखा. ताई म्हणायच्या की हा मधला भाग त्यांच्या डोक्यात खड्ड्यात बसल्या बसल्या तयार झाला होता, वर नाटकं चालू असताना. त्यासाठी त्यांना वाद्यं बदलायची होती. ओबोवाल्यानं ओबो ठेवून इंग्लिश हॉर्न घ्यायचं, म्हणजे ओबोचाच थोराड, घोगरा भाऊ. क्लॅरिनेटवालीनं बास क्लॅरिनेट उचलायचं, ज्याचा आवाज थेट पोटातून आल्यासारखा. माणसं तीच, हातातली वाद्यं वेगळी. तिसऱ्या भागात पुन्हा पहिली वाद्यं.

आणि गोम इथेच होती. यंत्राला हे कळेना. मधला भाग सुरू झाला तरी ते ओबोच्या ओळीत ओबोच वाजवायचं आणि क्लॅरिनेटच्या ओळीत क्लॅरिनेट. ताईंनी पानावर वर ठळक अक्षरांत "बास क्लॅरिनेट" लिहून पाहिलं. यंत्रानं ते नीटनेटकं छापलं, आणि वाजवलं मात्र क्लॅरिनेटच.

तरीही त्यांनी पहिला कच्चा नमुना भोंग्याला पाठवला. उतावीळपणा, दुसरं काय. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला होता, मी वर पडद्याची मापं दाखवायला गेले होते म्हणून ऐकलं.

"पहिला भाग छान आहे गं," भोंगा म्हणाला. "शेवटचाही पळतो झकास. पण मधला... रागावू नकोस हं. दारावरची घंटी वाजवून कुणी पळून गेल्यासारखा वाटतो."

"तो आवाज चुकीचा आहे. तिथे बास क्लॅरिनेट आहे, इंग्लिश हॉर्न आहे."

"असेल. पण आम्हाला ऐकू येतंय ते हे. पत्तीवाला म्हणत होता की मधला भाग काढून टाकला तर?" मग त्याचा भोंगा जरा खाली आला. "हे बघ, तू लिहिलंस हेच खूप आहे. आम्ही वाजवलंच पाहिजे असं काही नाही. तुझ्यावर कसलं ओझं नको."

दया दाखवलेली ताईंना लहानपणापासून खपत नाही, असं हे सांगतात. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं. चेहऱ्याची चांगली बाजूसुद्धा वाकड्या बाजूइतकी कडक झाली.

"मधला भाग काढणार नाही," त्या म्हणाल्या. "तो आहे म्हणून बाकीचे दोन आहेत. तुला नीट आवाजात पाठवते, मग बोल." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ताई त्या यंत्राच्या हात धुऊन मागे लागल्या. सकाळी माझं दुकान उघडायच्या आत वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करायची एक पट्टी त्यांना सापडली, तिथे वाद्याचा आवाज बदलताही येत होता. त्यांनी क्लॅरिनेटच्या जागी बास क्लॅरिनेट निवडलं, बटण दाबलं आणि जिन्यावरून मला हाक मारली. मी हातातलं काम टाकून धावले. मधला भाग सुरू झाला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज फरशीखालून येत असल्यासारखा होता.

"झालं की ताई!"

"थांब." त्यांनी रचना पहिल्यापासून लावली. पहिल्या भागातली ती लगबगीनं चालणारी माणसं आता चिखलातून पाय ओढत चालली होती. तिथेही बास क्लॅरिनेट घुसलं होतं. पट्टीवर केलेला बदल पूर्ण ओळीला लागू होत होता, पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत. मधला सावरला की कडेचे दोन्ही कोसळायचे.

रात्री जेवताना हे म्हणाले, "एवढं डोकं कशाला शिणवतेस? तीन भागांच्या तीन फायली कर. मधल्या फाईलला वेगळी वाद्यं दे. प्रश्न मिटला."

"मिटला नाही. पहिल्या भागाचा शेवटचा स्वर बासून धरून ठेवतो. दोघं वाद्यं बदलतात तोवर तो सोडायचाच नाही, आणि त्याच स्वरावर मधला भाग चढतो. तीन फायली केल्या की स्वर मधोमध तुटला. मधे शांतता पडली तर लोक खोकतात."

"खोकू देत की."

"माझ्या रचनेत नाही खोकायचं कुणी," ताई म्हणाल्या. ह्यांनी भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड होता. ताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, एका ओळीला एकच वाद्य असतं. तुम्ही इंग्लिश हॉर्न आणि बास क्लॅरिनेटसाठी दोन नवीन ओळी वाढवा ना."

"म्हणजे चार माणसांच्या सहा ओळी?"

"हो मॅडम. नको तिथे रिकाम्या दिसतील."

"आणि वाजवणाऱ्याला दोन वेगळे कागद? एक स्वर वाजवून तो दुसरा कागद शोधत बसणार?"

"ते... हो मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?"

"आधी ही तर करा," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. तरी त्यांनी तो उपाय करून पाहिला. कुणाचा सल्ला न तपासता त्या फेकत नाहीत. आवाज बरोबर आला, पण पानाचं वाटोळं झालं. पानंच्या पानं नुसत्या रिकाम्या रेघा, जणू निम्मी माणसं घर सोडून गेली आहेत. त्यांनी सगळं पुसलं आणि पूर्वीसारखं करून ठेवलं.

मी एकदा भीतभीत विचारलं होतं, "ताई, एकाच शिवणीत मी मधेच दोरा बदलते. तसं करता येत नाही का?"

"हे काय पडदे आहेत?" त्या खेकसल्या. मग लगेच म्हणाल्या, "तेच तर शोधतेय गं. मधेच बदलायचं कुठून, ते सापडत नाही."

सॉफ्टवेअरबरोबर एक मार्गदर्शिका होती, पडद्यावर वाचायची, भिंत रंगवायच्या सूचनांइतकी रसाळ. ताईंनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली, हवा तो विषय शोधून नव्हे. त्या म्हणायच्या, "मला पाहिजे ते ह्या सॉफ्टवेअरवाल्यांनी कोणत्या नावानं लपवलंय ते मला माहीत नाही. मग सगळीच दारं उघडून बघते." चष्मा कपाळावर, नाक पडद्याला. वाकड्या बाजूचा डोळा लवकर कोरडा पडायचा, त्यात थेंब घालायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. चिडचिड वाढली. मी चहा नेला तर थंड झालेला परत यायचा. एकदा तर त्यांनी उशी फेकलेली मी पाहिली. ती उशी मीच शिवून दिली होती, पण मी काही बोलले नाही.

वाचता वाचता त्यांना आधी एक चोरवाट सापडली. पानावरच्या अक्षरांखाली एक छुपी सूचना लिहायची, की इथून पुढे आवाज बदल. त्यांनी मधल्या भागाच्या तोंडाशी ती टाकली. बासूनचा स्वर लांबला, आणि त्यावर बास क्लॅरिनेट अलगद आलं, मागून इंग्लिश हॉर्न. पहिला भाग जागच्या जागी, मधला त्याच्या जागी. मी टाळ्या वाजवल्या. ताईंनी कागद छापून काढला, त्यावरून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.

"फसवणूक आहे ही."

"आता काय झालं?"

त्यांनी मला समजावलं. इंग्लिश हॉर्न वाजवणाऱ्याला जो स्वर लिहून देतात, त्याच्या खालचा स्वर वाद्यातून निघतो. त्यामुळे लिहितानाच वरचा लिहावा लागतो. बास क्लॅरिनेटचंही तसंच, त्याचं अंतर निराळं. यंत्रानं आवाज तर बदलला होता, पण कागदावर स्वर जुन्याच वाद्याचे ठेवले होते. "ऐकायला बरोबर, वाजवायला चूक. हे पत्तीवाल्यापुढे ठेवलं तर तो दुसऱ्याच गावाला जाईल. आवाज बदलून भागत नाही. वाद्यच बदललं पाहिजे."

माझ्यासारखीनं तिथे हात टेकले असते, किंवा पेन घेऊन स्वर हातानं बदलले असते. ताईंनी मार्गदर्शिकेचं पुढचं पान काढलं.

आणि दोन दिवसांनी, मी एका गिऱ्हाइकाला कापड दाखवत असताना, वरून त्यांची हाक आली. हाक म्हणजे काय, भोंग्यानं मान खाली घालावी अशी. "अगं, ये! सापडलं!" गिऱ्हाईक दचकलं. मी त्या बाईंनाही बरोबर घेऊन वर गेले.

सापडलं ते एका साध्या ओळीत होतं. ज्या जागेपासून बदल हवा, तिथल्या बारवर बोट ठेवायचं. बार म्हणजे सुरावटीतला एक खण. मी घरात बार म्हटलं की आमचे हे अजून हसतात. तो खण निवडायचा आणि यादीतून "वाद्य बदला" म्हणायचं. तिथून पुढे वाद्य दुसरं. आवाज दुसरा, कागदावरचे स्वर आपोआप त्या वाद्याला साजेसे, आणि वर सूचनासुद्धा छापून येते की आता हे उचला. ओळ तीच, माणूस तोच.

ताईंनी आम्हाला पूर्ण रचना ऐकवली. मधला भाग आला आणि गेला. मग तिसरा नाचरा भाग सुरू झाला, आणि बास क्लॅरिनेट धप धप करत नाचायला लागलं. हत्तीनं दोरीवरच्या उड्या माराव्यात तसं. वाद्य परत बदलायचं ताई विसरल्या होत्या. गिऱ्हाईक बाई आधी हसल्या, मग मी, आणि मग ताई. त्यांचं ते पाऊण हसू मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. डोळे पुसत त्यांनी तिसऱ्या भागाच्या पहिल्या खणावर बोट ठेवलं आणि पुन्हा क्लॅरिनेट हातात दिलं. त्या बाईंनी पडद्यांची मागणी नोंदवली, तीही वाढवून.

नवा नमुना भोंग्याला गेला. त्याचा फोन त्याच संध्याकाळी आला. ह्या वेळी त्यानं घंटीबिंटी काही काढली नाही. "रविवारी माझ्याकडे ये," एवढंच म्हणाला. "आणि चौघांचे कागद आण."

ताईंनी मला बरोबर नेलं. कागदांची पिशवी धरायला, असं म्हणाल्या. पण पिशवी त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवली.

भोंग्याच्या बैठकीत चार खुर्च्या, चार स्टँड. नवी आधीच येऊन बसली होती, तिच्यासमोर क्लॅरिनेट आणि जमिनीवर टेकलेलं बास क्लॅरिनेट. ती ताईंना पाहून उठून उभी राहिली. ताईंनी नुसती मान हलवली.

पहिला भाग धक्के खात पण नीट पार पडला. भोंग्यानं शेवटचा स्वर धरला. पत्तीवाल्यानं ओबो ठेवला, इंग्लिश हॉर्न घेतलं, नव्या बाईनं बास क्लॅरिनेट उचललं. तो वेळ ताईंनी अचूक बेतला होता, कुणाची घाई झाली नाही. मधला भाग सुरू झाला. आणि मधल्या मोठ्या सुरावटीत, जिच्यासाठी एवढा आटापिटा केला तिच्यातच, नवी थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच ठिकाणी थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"माफ करा," ती म्हणाली, "पण इथे मी श्वास कुठे घ्यायचा?"

"घ्यायचा नाही," ताई म्हणाल्या. "सलग आहे ते. एका दमात."

"एवढं एका दमात होणार नाही. बास क्लॅरिनेट वारा खातं."

"मी केलं असतं."

नवीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "केलं असतंत?" ती पटकन बोलून गेली. "मग दाखवा ना करून."

नवीच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तिचा लाल चेहरा एकदम पांढरा पडला. "ताई, मी... मला तसं म्हणायचं नव्हतं."

ताईंनी तिच्या स्टँडवरून तो कागद उचलला, पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी." बस्स. घरी येईपर्यंत त्या पिशवी छातीशी धरून माझ्यापुढे चार पावलं चालत होत्या.

मला वाटलं संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी वर गेले तर ताई खोलीतून येरझाऱ्या घालत होत्या. एका हाताच्या बोटानं ओठाचा कोपरा दाबून धरलेला, दुसऱ्या हातात कागद, आणि ती सुरावट गुणगुणत चाललेल्या. अर्ध्यावर त्यांचा दम संपला. भिंतीला टेकून त्यांनी श्वास घेतला आणि मला म्हणाल्या, "बरोबर होतं पोरीचं. हे कुणालाच जमायचं नाही. मलाही जमलं नसतं, कधीच."

"मग लिहिलंत कसं?"

"यंत्राला दम लागत नाही ना. ते वाजवत गेलं, मी लिहीत गेले." त्या खुर्चीत बसल्या. "आयुष्यभर श्वास मोजून जगले, आणि तोंड गेलं तसं वर्षभरात विसरले बघ."

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला.

तो आठवडा त्यांनी त्या एका सुरावटीवर घालवला. नुसता मधे श्वास घालणं सोपं होतं, पण मग तिचे दोन तुकडे पडत होते. शेवटी त्यांनी वेगळंच केलं. बास क्लॅरिनेटचा दम सरत येतो, तिथे इंग्लिश हॉर्न तोच स्वर हळूच खालून उचलतं आणि सुरावट पुढे नेतं. बास क्लॅरिनेट गप्प होतं, श्वास घेतं, आणि शेवटाला येऊन मिळतं. प्रत्येक बदल त्या आधी यंत्राकडून ऐकायच्या आणि मग ओठ दाबून, खोलीत चालत, स्वतः गुणगुणायच्या. यंत्राला जमलं आणि त्यांच्या फुप्फुसाला नाही, की ते खोडलं.

रविवारी नव्या बाईनं नवा कागद वाचला. वाजवायच्या आधी नुसता नजरेनं. मग ताईंकडे पाहिलं आणि वाद्य उचललं. सुरावट तिच्याकडून निघून पत्तीवाल्याकडे कधी गेली ते मला कळलंच नाही. तीच बाई बोलते आहे आणि बोलता बोलता तिचं वय वाढलं आहे, असं काहीतरी वाटलं. भाग संपल्यावर भोंगा म्हणाला, "हे आधीपेक्षा चांगलं आहे." फ्लूटवाली बाई मधल्या भागात जवळजवळ गप्पच बसलेली असते, ती म्हणाली, "खूप." तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द.

ग्रंथालयाच्या सभागृहात एका दुपारी कार्यक्रम झाला. सभागृह काही ओसंडून वाहत नव्हतं. वाद्यवृंदातले जुने लोक, आमचे हे, माझी ती पडदेवाली गिऱ्हाईक बाई, आणि ग्रंथालयात वाचायला येऊन आवाजानं आत ओढले गेलेले काहीजण. ताई शेवटच्या रांगेत बसल्या. पुढे बसा म्हटलं तर म्हणाल्या, "मला अंधारातली सवय आहे."

पहिल्या भागाच्या शेवटी घोटाळा झाला. इंग्लिश हॉर्नची पत्ती सुकली होती, पत्तीवाला ती ओली करत राहिला, आणि भोंग्याला तो स्वर ठरल्यापेक्षा लांबवावा लागला. त्याचे गाल फुगले, कपाळावरची शीर दिसायला लागली. ताईंनी माझं मनगट आवळलं. मग त्यानं मान किंचित खाली घातली, कुणाला कळणार नाही असा एक चोरटा श्वास घेतला आणि स्वर पुन्हा धरला. सभागृहात कुणी खोकलं नाही. बास क्लॅरिनेट आलं. ताईंनी माझं मनगट सोडलं, पण मी बाजूला पाहिलं नाही. त्या वेळी त्यांच्याकडे पाहू नये असं मला वाटलं.

टाळ्या झाल्या. भोंग्यानं हात करून ताईंना पुढे बोलावलं. त्या गेल्या, वाकून नमस्कार केला आणि लगेच पत्तीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "पत्ती आधी भिजवून ठेवत जा." घरी आल्यावर हे म्हणाले, "ताई, भारी झालं गं." तर म्हणाल्या, "तिसऱ्या भागात फ्लूट घाईत गेला." पण बोलताना चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

पुढच्या महिन्यात नवी घरी आली, एकटी, बास क्लॅरिनेटची ती भली मोठी पेटी जिन्यावरून ओढत. मीच खालून धरून वर चढवली. तिला एकट्या बास क्लॅरिनेटसाठी काहीतरी लिहून हवं होतं. आता ती दर आठवड्याला येते. वरून आधी वाद्य ऐकू येतं, मग भांडण, मग पुन्हा वाद्य. परवा ताई ओरडल्या, "अगं, इथे नको घेऊस श्वास!" तर नवी त्यांच्यावर ओरडली, "मग तुम्हीच जागा करून द्या!" आणि खुर्ची सरकली, कॉम्प्युटरच्या कळा टकटकल्या. ताई आता तिला नावानं हाक मारतात.